कोंड्याचा मांडा

डिसेंबर १८८२ मध्ये जपानी आरमाराचे ‘र्युजो’ हे प्रशिक्षणाचे जहाज ३७६ माणसे घेऊन लांबच्या सफरीवर निघाले. न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई असा मार्ग होता. लढाई कुणाशीच व्हायची नव्हती, झालीही नाही. तरी या सफरीत १६९ जणांना ‘काक्के’ने गाठले आणि त्यांतले २५ जण दगावले. काक्के म्हणजे बेरीबेरी. आधी पायांना मुंग्या येतात, मग पोटऱ्या जड होतात, सूज चढते, दम लागतो आणि एखाद्या दिवशी हृदयच साथ सोडते. जहाज होनोलुलूला लागले, तिथे ताजे मांस आणि भाजी मिळाली, तेव्हा उरलेले आजारी सावरले.

आरमारातले डॉक्टर ताकागी कानेहिरो यांचा संशय आधीपासूनच जेवणावर होता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पाच वर्षे शिकून आलेल्या या माणसाला एक गोष्ट खटकत होती. अधिकाऱ्यांना हा रोग क्वचित होतो आणि खलाशांना मात्र सपाटून होतो, असे का? खलाशी बहुतेक गरीब शेतकऱ्यांची पोरे. घरी त्यांनी सातू आणि राळ्यासारखी भरड धान्ये खाल्लेली. पांढराशुभ्र भात ही त्यांच्या लेखी श्रीमंतांची चैन होती आणि आरमारात तो पोटभर मिळत असे. जेवणाचा भत्ता रोख मिळायचा. तो वाचवून घरी पाठवायचा आणि आपण नुसत्या भातावर राहायचे, हा अनेकांचा शिरस्ता होता.

१८८४ मध्ये ताकागींनी ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गावर धाडायला लावले. फरक एकच, शिधा बदललेला. भात कमी, मांस, मासे, भाजी, पाव आणि कडधान्ये जास्त. ३३३ माणसे २८७ दिवस समुद्रावर राहिली. आजारी पडले ते जेमतेम पंधराच्या आसपास, आणि मेला एकही नाही. पुढच्या वर्षापासून आरमाराच्या भातात सातू मिसळला जाऊ लागला आणि काही वर्षांत तिथून काक्के जवळजवळ हद्दपार झाला.

गंमत अशी की ताकागींनी दिलेले कारण चुकीचे होते. भातात प्रथिने कमी, म्हणून रोग होतो, असे त्यांचे म्हणणे. भूदलाच्या डॉक्टरांना ते पटले नाही. त्यांचा ओढा जर्मन वैद्यकाकडे होता आणि जर्मनीत तेव्हा जंतूंचे राज्य होते. रोग आहे म्हणजे जंतू असणारच, असा तो काळ. पुढे जपानचे थोर साहित्यिक म्हणून नावाजलेले मोरी ओगाई हे भूदलात मोठे डॉक्टर होते आणि आहाराच्या कल्पनेला ठाम विरोध करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. या ताठ्याची किंमत सैनिकांनी मोजली. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात जपानी भूदलात सुमारे अडीच लाख लोकांना काक्के झाला आणि सुमारे सत्तावीस हजार त्यात गेले.

या दोन खात्यांच्या भांडणात तिसराच एक माणूस उभा होता. इशिझुका सागेन. जन्म १८५१, गाव फुकुई. हेही भूदलाच्याच वैद्यकीय खात्यात, पण खात्याचे मत त्यांना मान्य नव्हते. नोकरी संपवली त्याच वर्षी, १८९६ मध्ये, त्यांनी आहार आणि दीर्घायुष्य यांवर एक जाडजूड ग्रंथ छापला. सगळे रोग ताटातून येतात आणि ताटानेच जातात, असा त्याचा गाभा. टाक घेऊन कोष्टके मांडायची त्यांना आवड होती. शरीराचे सारे गणित सोडियम आणि पोटॅशियम या दोन क्षारांच्या तोलावर चालते, असे त्यांनी ठरवून टाकले. मांस-अंडी सोडियमच्या बाजूला, भाज्या-फळे पोटॅशियमच्या बाजूला आणि बिनसडीचा तांदूळ बरोबर मधोमध. त्यावर मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, सूप, समुद्रातले शेवाळ, किसलेला मुळा. परदेशातून आलेले दूध आणि मांस त्या हवेतल्या लोकांसाठी ठीक. जपान्याने जपानच्या मातीत आणि त्या त्या ऋतूत पिकलेले खावे.

टोकियोतल्या त्यांच्या दवाखान्यापुढे रांगा लागत. औषध न देणारा डॉक्टर म्हणून लोकांनी त्यांना टोपणनावे ठेवली होती. आणि त्यांचे रोगी बरे होत होते, हे खोटे नव्हते. शहरात येऊन पांढऱ्या भातावर जगणाऱ्या माणसाला बिनसडीचा तांदूळ दिला की त्याचा काक्के जाणारच. फक्त तो सोडियममुळे जात नव्हता.

खरे कारण तेव्हा जावामध्ये कोंबड्यांच्या खुराड्यात सापडत होते. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लंगडायला लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि सैनिकांचा भात कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी आहे, हे हळूहळू स्पष्ट झाले. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी टोकियोत कोंड्यातून ते द्रव्य वेगळे काढण्याच्या दिशेने मोठी मजल मारली, १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिले, आणि १९२६ मध्ये जावातच दोन डच शास्त्रज्ञांनी बी-१ शुद्ध रूपात मिळवले. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमान यांचा वाटा होता. तोवर इशिझुका जाऊन वीस वर्षे झाली होती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९०९ मध्ये ते गेले.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडायचा, ही उकड्या तांदळाची रीत. वाफवताना कोंड्यातले बी-१ दाण्याच्या आत मुरते आणि नंतर कितीही सडले तरी बरेचसे टिकते. हिंदुस्थानात बेरीबेरी मुख्यतः आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आढळे, जिथे गिरणीतला कच्चा पांढरा तांदूळ खात. उकडा तांदूळ खाणारे मुलूख जवळजवळ मोकळे होते. पेजेच्या त्या लालसर दाण्यामागे कुणाचा सिद्धांत नव्हता, सवय होती. सिद्धांत आला तो वर्ध्याला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि गांधींनी तिथल्या मगनवाडीतून गिरणीच्या तांदळाविरुद्ध हातसडीच्या तांदळाची मोहीम चालवली. त्यांच्या लेखी त्यात जीवनसत्त्वाइतकाच खेड्यातल्या बाईचा सडण्याचा रोजगारही होता.

जपानकडे परत यावे तर इशिझुकांच्या मागे त्यांची संस्था होती, शोकुयोकाई, आणि तिच्या आश्रयाला एक क्षयाचा रोगी आला होता. साकुराझावा न्योइची, जन्म क्योतोचा, १८९३ चा. आई क्षयाने लहानपणीच गेलेली, घर विस्कटलेले, आणि विशीच्या आतच स्वतःलाही क्षय. इशिझुकांचे पुस्तक वाचून, बिनसडीचा भात आणि मीठ-मिसो यांवर राहून आपण बरे झालो, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. क्षय काही जणांचा आपणहून आटोक्यात येतो, हे वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होते. पण वाचलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

साकुराझावा डॉक्टर नव्हता. व्यापारी कंपनीत नोकरी, फ्रेंच भाषेचा नाद, वाचन अफाट, बोलणे त्याहून अफाट. इशिझुकांची कोष्टके त्याला कोरडी वाटली असावीत. सोडियम-पोटॅशियम बाजूला ठेवून त्याने तिथे यिन आणि यांग आणले. साखर, फळे, दारू यिन, मांस, अंडी, मीठ यांग, धान्य मध्यावर. आता ही मांडणी आहारापुरती राहिली नाही. ऋतू, रंग, लग्न, युद्ध, राष्ट्रांचे स्वभाव, सगळ्याचा उलगडा तिच्यात होऊ लागला. रसायनशास्त्राला निदान खोटे पाडता येते. यिन-यांगला कसे पाडणार? बदल लहान दिसतो, पण पुढच्या साठ वर्षांतले बरेच काही त्यातून निघाले.

१९२९ मध्ये तो पॅरिसला पोहोचला, हलाखीत राहिला आणि १९३१ मध्ये पूर्वेच्या तत्त्वज्ञानावर फ्रेंचमध्ये पुस्तक छापून मोकळा झाला. युरोपसाठी त्याने सोपे नाव घेतले, ओहसावा. पुढे ते ‘जॉर्ज ओहसावा’ झाले. जपानला परतल्यावर महायुद्धाच्या काळात सरकारशी वाकडे आले आणि १९४५ मध्ये तुरुंगवास घडला. युद्ध संपल्यावर योकोहामाजवळ हियोशी इथे त्याने एक शाळावजा आश्रम काढला. उद्ध्वस्त देशातली हुशार, उपाशी, गोंधळलेली तरुण मुले तिथे येत. जागतिक सरकार, जागतिक शांतता आणि बिनसडीचा तांदूळ असा तिथला अभ्यासक्रम. हिरोशिमानंतर चारच वर्षे झालेल्या देशात तो कुणाला हास्यास्पद वाटला नाही.

या आश्रमातून मुले जगभर पाठवली गेली. टोकियो विद्यापीठात शिकलेला मिचिओ कुशी १९४९ मध्ये अमेरिकेला गेला. त्याच्यामागून १९५१ मध्ये तोमोको योकोयामा गेली. ओहसावाने तिचे नाव अॅव्हेलीन ठेवले होते. न्यूयॉर्कमध्ये दोघांचे लग्न झाले. हर्मन आइहारा १९५२ मध्ये गेला.

गुरू स्वतः १९५३ मध्ये पत्नी लीमा हिच्यासह निघाला तो आधी भारतात आला. इथे दीडेक वर्ष राहून त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. कदाचित भात कसा खावा हे शिकवायला तो चुकीच्या देशात आला होता. तिथून आफ्रिका. १९५५-५६ मध्ये लांबारेने इथल्या अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या प्रसिद्ध रुग्णालयात जाऊन त्याने उष्ण कटिबंधातली सडणारी जखम मुद्दाम स्वतःच्या पायांवर ओढवून घेतली आणि भात, मीठ व तीळ यांवर ती बरी करून दाखवली, असे त्याचे सांगणे. श्वाइट्झरना ते पटले नाही. मग युरोप. बेल्जियममध्ये १९५७ मध्ये त्याच्या अनुयायांनी काढलेल्या खाद्यपदार्थांच्या कंपनीला त्याच्या पत्नीचे नाव मिळाले, ‘लीमा’. ती कंपनी टिकली. लीमाबाई तर शंभर वर्षे जगल्या.

१९६० च्या सुरुवातीला ओहसावा न्यूयॉर्कमध्ये व्याख्याने देत होता. सोबत सायक्लोस्टाइल केलेले एक पुस्तक, ‘झेन मॅक्रोबायोटिक्स’. मॅक्रोबायोटिक हा शब्द जर्मन डॉक्टर हुफेलांट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दीर्घायुष्याच्या शास्त्राला दिलेला. झेन हा शब्द तेव्हा न्यूयॉर्कच्या कॅफेत चलनी होता. दोन्ही जोडले आणि नाणे वाजले. पुस्तकात आहाराच्या दहा पायऱ्या होत्या, वजा तीनपासून सातपर्यंत. खालच्या पायरीवर भाज्या, मासे, थोडे मांस, फळे, गोडसुद्धा. वर चढत जावे तसे एकेक गळत जाई आणि सातव्या पायरीवर उरे फक्त धान्य. पाणीही शक्य तितके कमी. कर्करोगापासून मानसिक आजारांपर्यंत सगळ्यांवर उतारा. दहा दिवस करून पाहा, असे तो म्हणे. पण ज्या आजाऱ्याला दहा दिवसांत गुण येत नाही, त्याने अकराव्या दिवशी थांबायचे की अजून कडक राहायचे, हे तो आजारीच ठरवणार होता.

मंडळी किती गंभीर होती याचा एक नमुना १९६१ मधला. बर्लिनवरून अमेरिका आणि रशिया एकमेकांवर गुरगुरत होते, अणुयुद्धाची भीती घरोघर होती. न्यूयॉर्कमधल्या तेरा कुटुंबांनी ठरवले की किरणोत्सर्ग पोहोचणार नाही आणि तांदूळ पिकेल अशा जागी जायचे. नकाशे पाहून कॅलिफोर्नियातले चिको हे गाव निवडले आणि लहानमोठी तीसेक माणसे गाड्यांचा तांडा करून अख्खी अमेरिका ओलांडून गेली. त्यांत संगीतकार होते, शिक्षक होते. शेतकरी मात्र कुणी नव्हते. १९६२ मध्ये त्यांनी ‘चिको-सान’ नावाची कंपनी काढली. अमेरिकेत कुरकुरीत, चवहीन अशा तांदळाच्या गोल चकत्या प्रथम खपवल्या त्या या लोकांनी. १९६९ च्या सुमारास जवळच्या लुंडबर्ग कुटुंबाला त्यांनी रसायनांशिवाय तांदूळ पिकवायला राजी केले. लुंडबर्ग आज अमेरिकेतल्या सेंद्रिय तांदळातले मोठे नाव आहे. चकत्यांचा धंदा १९८४ मध्ये केचपवाल्या हाइन्झने विकत घेतला. अणुबाँब काही पडला नाही.

न्यूयॉर्कमध्ये मात्र वेगळेच घडले. नोव्हेंबर १९६५ मध्ये चोवीस वर्षांची एक तरुणी न्यू जर्सीत मरण पावली. ग्रीनिच व्हिलेजमध्ये नवऱ्यासोबत राहणारी, चित्रे काढणारी, व्यसनांतून बाहेर पडू पाहणारी. पुस्तकातली सातवी पायरी तिने महिनोन्‌महिने सोडली नाही. अंग सुजत गेले, वजन लहान मुलाइतके झाले, चालणे थांबले. त्रास वाढतो आहे म्हणजे विष बाहेर पडते आहे, असे समजायला तो ग्रंथ शिकवत होता, आणि तिने तो मन लावून वाचला होता. तेवीस वर्षांचा एक वार्ताहर, रॉबर्ट क्रिस्टगाऊ, याने त्यावर जानेवारी १९६६ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये प्रदीर्घ लेख लिहिला. कुणालाही राक्षस न ठरवता त्याने ते घर, तो आग्रह आणि ते खंगत जाणे नोंदवले. टॉम वुल्फ यांनी पुढे ‘द न्यू जर्नालिझम’ या संग्रहात तो घेतला. क्रिस्टगाऊ नंतर रॉक संगीताचा समीक्षक म्हणून गाजला, पण त्याचे पहिले मोठे काम हे.

न्यू जर्सीच्या पॅसेइक परगण्यात ज्युरी बसली. तिच्यापुढे या आहाराशी जोडलेले तीन मृत्यू आले. अन्न आणि औषध प्रशासनाने न्यूयॉर्कच्या ओहसावा फाउंडेशनवर कारवाई केली. पुस्तक छापायला बंदी नव्हती. पण रोग बरे करण्याचा दावा करणारे पुस्तक आणि त्यात सांगितलेले धान्य एकाच दुकानात विकले की कायद्याने ते धान्य औषध ठरते, यावर बोट ठेवले गेले. फाउंडेशनला टाळे लागले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आहार मंडळाने १९७१ मध्ये या आहाराच्या वरच्या पायऱ्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला: स्कर्व्ही, रक्तक्षय, प्रथिनांची कमतरता, मूत्रपिंडाला धोका.

एप्रिल १९६६ मध्ये ओहसावा टोकियोत हृदयविकाराने वारला. वय बहात्तर. त्याच महिन्यात बॉस्टनच्या न्यूबरी स्ट्रीटवर, रस्त्याच्या पातळीखालच्या एका चिंचोळ्या गाळ्यात कुशी दांपत्याने दुकान उघडले. नाव ‘एरेव्हॉन’, गुरूच्या आवडत्या, सॅम्युअल बटलर यांच्या कादंबरीवरून. त्या कादंबरीत आजारी पडणे हा गुन्हा आहे आणि रोग्याला शिक्षा होते. नाव ठेवताना हे कुणाला टोचले नाही.

मिचिओ कुशी काळा सूट घालून, सिगारेट ओढत व्याख्याने देणारा माणूस. सिगारेटचे समर्थनही त्याने यिन-यांगमध्ये बसवले होते. पण ओहसावाची सातवी पायरी त्याने गुंडाळून ठेवली, हे त्याचे मोठे काम म्हणायला हवे. त्याच्या ‘प्रमाणित’ आहारात निम्मे किंवा थोडे जास्त अख्खे धान्य, पाव हिस्सा किंवा अधिक भाज्या, थोडी कडधान्ये, समुद्री शेवाळ, सूप, कधीमधी मासा. अंमली पदार्थांना आणि व्हिएतनामच्या बातम्यांना विटलेली पोरे त्याच्या भोवती जमली, सामूहिक घरांत राहू लागली, पहाटे उठून भात शिजवू लागली. चूल अॅव्हेलीनची. चाकू कसा धरायचा, गाजर कसे तिरके चिरायचे, सोयाबीन आंबवून मिसो कसा लावायचा हे तिने एका पिढीला शिकवले. नवऱ्याच्या भाषणांपेक्षा तिच्या स्वयंपाकाने अमेरिका जास्त बदलली, असे मानायला जागा आहे.

दुकान पॉल हॉकेन या विशीतल्या मुलाच्या हाती आले आणि पसरले. अमेरिकेत सेंद्रिय धान्य ठोक भावात मिळतच नव्हते, म्हणून एरेव्हॉनने थेट शेतकरी गाठले. मोंटानाचा गहू, आर्कान्सासचा तांदूळ. जपानमधून मिसो, खरा सोया सॉस, उमेबोशी (खारवलेली आंबट फळे) बोटीने येऊ लागले आणि जपानमध्येच मरू घातलेल्या कित्येक पारंपरिक आंबवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले. टोफू, तमारी, ब्राउन राइस हे शब्द अमेरिकन बायकांच्या वाणसामानाच्या यादीत आले ते बव्हंशी या वाटेने.

शास्त्रज्ञही आले. हार्वर्डमधले एडवर्ड कास आणि तरुण फ्रँक सॅक्स यांनी बॉस्टनच्या या सामूहिक घरांतल्या मंडळींचे रक्तदाब मोजले. ते कमी निघाले. १९७५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांच्या कोलेस्टेरॉलचे आकडे आले. फ्रॅमिंगहॅम गावच्या सामान्य अमेरिकनांचे सरासरी १८४, यांचे १२६. मग १९८१ मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला: २१ कडक शाकाहाऱ्यांना चार आठवडे रोज २५० ग्रॅम गोमांस खायला घातले, तेव्हा कोलेस्टेरॉल १९ टक्क्यांनी चढले. यिन-यांगचा उच्चारही न करता एवढे सिद्ध झाले होते. इथे थांबले असते तरी चळवळीचे नाव इतिहासात चांगल्या अक्षरांत लागले असते.

थांबायचे कसे? १९७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मेथडिस्ट रुग्णालयाचे अध्यक्ष डॉ. अँथनी सॅटिलारो यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. तो हाडांत पसरलेला होता. वडिलांना पुरून मोटारीने परतताना त्यांनी रस्त्यावर हात दाखवणाऱ्या दोन तरुणांना गाडीत घेतले. हे दोघे निघाले मॅक्रोबायोटिक आचारी. कर्करोगाने मरायलाच हवे असे नाही, असे एकाने त्यांना सहज सांगितले. सॅटिलारोंनी बिनसडीचा भात सुरू केला. पुढे तपासणीत हाडांतले डाग दिसेनासे झाले. १९८२ मध्ये त्यांचे ‘रिकॉल्ड बाय लाइफ’ हे आत्मकथन आले, मासिकांत फोटो झळकले आणि बॉस्टनला कर्करोग्यांची रीघ लागली. १९८३ मध्ये कुशीचे कर्करोगावरचे पुस्तक हजर होते.

सॅटिलारोंवर आहाराआधी शस्त्रक्रिया झाली होती आणि संप्रेरकांचे उपचार चालू होते. प्रोस्टेटचा कर्करोग त्या उपचारांना अनेकदा वर्षानुवर्षे दबून राहतो. त्यांनी ते लपवले नव्हते. वाचणाऱ्यांनी तेवढी पाने भराभर उलटली. १९८९ मध्ये त्याच रोगाने ते गेले. त्यांच्या मृत्यूची बातमी त्यांच्या पुस्तकाइतकी खपली नाही.

कुशींच्या घरीही हा रोग आला. मुलगी १९९५ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. अॅव्हेलीनला तोच रोग झाला, तिने किरणोपचार घेतले. २००१ मध्ये तीही गेली. मिचिओवर २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि २०१४ च्या अखेरीस, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्याचा शेवट झाला. अठ्ठ्याऐंशी हे काही कमी वय नव्हे, आणि कर्करोग कुणालाही होतो. पण ज्याने हयातभर कर्करोगाला ताटातल्या चुकीचे फळ म्हटले, त्याच्याबाबतीत लोक हिशेब मांडणारच. कुशी कुटुंबाची कागदपत्रे १९९९ पासून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

एरेव्हॉनचे दिवाळे १९८१ मध्ये वाजले. पसारा जास्त, भांडवल कमी, मोठ्या कंपन्यांची स्पर्धा आणि कामगारांनी काढलेली युनियन. लॉस एंजेलिसची शाखा दोन वर्षे आधीच वेगळ्या मालकाकडे गेली होती, म्हणून ती वाचली. आज त्या नावाची दुकाने हॉलिवूडच्या तारेतारकांच्या नावाने वीस-वीस डॉलरला फळांची घुसळणी विकतात. फळ आणि साखर म्हणजे ओहसावाच्या हिशेबात शुद्ध यिन.

सगळ्यात शहाणपणाचे काम झाले ते नेदरलँड्समध्ये, आणि त्याची जाहिरात कुणीच केली नाही. तिथे १९८० च्या दशकात मॅक्रोबायोटिक कुटुंबांची चांगली वस्ती होती. वागेनिंगेन विद्यापीठाचे पीटर डॅग्नेली आणि त्यांचे सहकारी या कुटुंबांना हिणवायला गेले नाहीत. ते बाळे मोजायला गेले. आईचे दूध कमी झाले की या बाळांना धान्याची पेज, थोडी भाजी, डाळ आणि तीळ मिळत. दूध नाही, अंडे नाही, तेल-तूप जवळजवळ नाही, आणि उत्तर युरोपचा अंधारा हिवाळा. उन्हाळ्याच्या अखेरीस २८ टक्के बाळांत मुडदुसाची लक्षणे होती. हिवाळा संपताना ५५ टक्के. वाढ खुंटलेली, बी-१२ अपुरे. संशोधकांनी आकडे घेऊन आईबापांसमोर बसून सांगितले: थोडे तेल घाला, आठवड्यात मासे द्या, दूध द्या. पुष्कळांनी ऐकले. ज्या घरांनी आहार सैल केला तिथली मुले पुन्हा वाढू लागली.

२००० मध्ये त्यातल्या मोठ्या झालेल्या ४८ मुलांची पुन्हा तपासणी प्रसिद्ध झाली, शेजारी साध्या घरांतली २४ मुले तुलनेला. साधारण सहाव्या वर्षापासून ही ४८ मुले दूध, काही जण मांसही खात आली होती. तरी अनेकांचे बी-१२ अजून अपुरे होते, आणि ज्यांचे ते अपुरे, ती मुले तर्काच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडत होती.